खिडकीतला हात

अनसूयाबाई मनाने वाईट नव्हत्या, असं म्हणणारे त्या गेल्यावर वसाहतीत बरेच निघाले. माणूस गेलं की तसं म्हणायची रीतच आहे. त्या होत्या तेव्हा मात्र समोरून येताना दिसल्या की बायका दुसऱ्या लाइनीत वळायच्या. जिभेला हाड नव्हतं, आणि कान इतके तिखट की तिसऱ्या क्वार्टरात कुणाचं दूध उतू गेलं तरी यांना कळायचं.

वर्ध्याकडच्या एका मास्तरांची ही लेक लग्न होऊन जबलपूरला आली ती थेट कारखान्याच्या वसाहतीत. नवरा मुरलीधर दारूगोळ्याच्या कारखान्यात फिटर. भला माणूस. इतका भला, की घरात त्याच्या ताटाचा आवाज जास्त आणि त्याचा कमी. पदरात दोन मुली. थोरली सुमेधा गोरी, नाजूक, हळू बोलणारी. धाकटी बेबी सावळी, दणकट, खो-खोत मुलांना गाठणारी. बेबीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यातच राहून गेलं होतं. अनसूयाबाईंचा जीव दोघींवर होता, पण आशा सगळी थोरलीवर. सुमेधाचं रूप म्हणजे आपल्या जन्माची कमाई, असं त्या धरून चालल्या होत्या. ते रूप एखाद्या फिटरच्या घरात चूल फुंकत काळं पडू द्यायचं नाही, एवढा एकच पण त्यांनी आयुष्यात केला.

जबलपुरात मराठी मुलगे थोडे आणि मुलींच्या आया उदंड. त्यातल्या त्यात बरं स्थळ म्हणजे भय्यासाहेबांचा श्रीरंग. भय्यासाहेब रेल्वेच्या कचेरीत मोठे बाबू, ओमतीकडे स्वतःचं दुमजली घर, मुलगा सरकारी नोकरीत. पण हे स्थळ शेजारच्या शकुताईंच्या पुष्पाने जवळजवळ पटकावलंच होतं. पत्रिका जुळली होती, मुलगी पसंत होती, सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. अनसूयाबाईंना तेव्हा जेवण गोड लागेना.

इथे एका नळीबद्दल सांगायला हवं. वसाहतीच्या दवाखान्यात रक्त तपासायची एक खोली होती. खोलीला दार होतं, पण ते आतल्या माणसांसाठी. रोग्यांसाठी भिंतीत एक लहानशी खिडकी. तिच्यातून नुसता हात आत घालायचा. आत बसलेला मिश्रा नावाचा माणूस चेहरा बघत नसे, हात बघे. चिठ्ठीवरचं नाव मोठ्यांदा वाचे, सुई टोची, रक्तात ते गोठू नये म्हणून औषध घाली आणि काचेच्या एका उंच बारीक नळीत भरून ती उभी करून ठेवी. तासाभरात लाल रक्त खाली बसतं आणि वर पिवळसर पाणी उरतं. अंगात जेवढी आग जास्त, तेवढं रक्त भरभर खाली बसतं. ते किती बसलं हे मोजून मिश्रा खिडकीतून आकडा ओरडायचा. दहा-पंधरा असला तर माणूस हसत घरी जायचा. पन्नास-साठ असला की व्हरांड्यातली बाकं हळूच रिकामी व्हायची, कारण मोठा आकडा म्हणजे क्षय, असं वसाहतीने आपल्या मनाशी ठरवून टाकलं होतं. क्षय नसतानाही आकडा वाढतो, अंगात रक्त कमी असलं तरी वाढतो, हे डॉक्टर सांगत. पण डॉक्टर सांगत ते खोलीच्या आत, आणि मिश्रा ओरडायचा व्हरांड्यात.

पुष्पाला चक्कर येते म्हणून शकुताई तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. "पुष्पा! बावन!" मिश्रा ओरडला तेव्हा बाकावर अनसूयाबाई गुडघ्याचं दुखणं घेऊन बसल्या होत्या. डॉक्टरांनी पुष्पाला रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या आणि काही नाही म्हणून सांगितलं. अनसूयाबाईंचा गुडघा मात्र त्या दिवशी तिथल्या तिथे बरा झाला. त्या तशाच टांगा करून बड्या फुहाऱ्याच्या बाजारात गेल्या. तिथल्या साडीच्या दुकानात श्रीरंगची आई, सत्यवतीबाई, दर आठवड्याला यायच्या हे त्यांना ठाऊक होतं.

"पोरगी लाखात एक आहे हो पुष्पा," साडीचा पदर चिमटीत धरून त्या म्हणाल्या. "नळी तेवढी बावन्न निघाली बिचारीची. आता टीबीच असंल असं मी काहून म्हणू? देव करो अन् नसो."

एवढंच. पुढल्या आठवड्यात पुष्पाची पत्रिका परत आली. सहा महिन्यांनी श्रीरंगसाठी सुमेधाला बघून गेले, आणि त्यानंतर शकुताईंनी अनसूयाबाईंच्या घरची वाटी आपल्या घरात येऊ दिली नाही. वसाहतीतल्या आया तेवढं शिकल्या. स्थळ आलं की पत्रिका बघायच्या, मग हळूच विचारायच्या, "अन् नळी किती?" ही पद्धत अनसूयाबाईंनी पाडली, आणि तिचा त्यांना थोडा अभिमानच वाटायचा.

सत्यवतीबाई कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. साखरपुड्याच्या दिवशी पान लावता लावता त्यांनी म्हटलं, "सुमेधा आवडली आम्हाला. पण तुमच्याच तोंडून ऐकलं, तेव्हा एकदा हिचीबी नळी दाखवून द्या. माघात लग्न आहे, त्याच्या आत. माझ्या मनाला शांती."

"दाखवू की," अनसूयाबाई हसल्या. घरी येऊन त्यांनी सुमेधाला रोज दुधात खारीक द्यायला सुरुवात केली. आकडा खारकेने उतरतो असं कुणी सांगितलं नव्हतं, पण करायचं काहीतरी हवं होतं.

ते साल एकाहत्तरचं. हिवाळ्याच्या तोंडाशी लढाई सुरू झाली. कारखान्याचा भोंगा दिवसातून तीनदा व्हायचा, आणि दोन-दोन पाळ्या करून माणसं घरी यायची ती नुसती पडायला. खिडक्यांच्या काचांना काळा कागद लागला. दारं-खिडक्या बंद, एका खोलीत सहा-सहा माणसं, आणि त्यात फ्लू आला. एका पाळीने तो दुसरीला दिला, दुसरीने घरोघर नेला. बहुतेक जण चार दिवस कण्हून पुन्हा कामावर जात. पण काही जणांची छाती भरून यायची आणि मग ती माणसं बघता बघता हातची जायची.

दवाखान्यात खाटा मोजक्या आणि पेनिसिलिन त्याहून मोजकं. डॉक्टर तिवारी तरुण होते, दोन-दोन दिवस दाढी न करता उभे असायचे. त्यांना दिसलं, की ज्याचा आकडा खाली राहतो तो घरीच बरा होतो, आणि ज्याचा आकडा वर जातो त्याची छाती दोन दिवसांत भरते, आज ती कानाला स्वच्छ लागली तरी. मग त्यांनी तसंच ठरवून टाकलं. आकडा मोठा, त्याला खाट आणि इंजेक्शन. आकडा लहान, त्याला गोळ्या आणि घर. या हिशेबाने त्यांनी बरीच माणसं वाचवली. वसाहतीने पहिल्यांदाच मोठ्या आकड्याकडे दुसऱ्या नजरेने बघितलं. व्हरांड्यात बायका म्हणायच्या, "पचपन आला, देव पावला, खाट मिळाली!"

अनसूयाबाईंना ही नवी नजर आली नाही. सुमेधा तापाने फणफणली तेव्हा त्यांनी आधी घरीच काढे केले. दुसऱ्या दिवशी पोरगी उठून बसेना, तेव्हा बेबीला बरोबर घेऊन तिला दवाखान्यात नेलं. मुरलीधर कारखान्यात होता. डॉक्टरांनी छातीला स्टेथॉस्कोप लावला, पाठ ठोकून पाहिली आणि चिठ्ठी लिहिली. "सीना अभी साफ है। पर चेहरा अच्छा नहीं लग रहा। ख़ून दे आइए, फिर देखते हैं।"

व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या गर्दीत अनसूयाबाईंना पहिली दिसली ती सत्यवतीबाईंची धाकटी जाऊ, शरयू. तिचा नवरा याच वसाहतीत राहायचा, आणि ती पोराला मांडीवर घेऊन खिडकीसमोरच बसली होती. अनसूयाबाई जागीच थांबल्या. आत्ता मिश्रा ओरडेल, साठ, नाहीतर सत्तर. दिवेलागणीच्या आत ते ओमतीला विहीणबाईंकडे पोचेल. फ्लू होता म्हणून कोण ऐकून घेणार? आपण स्वतः कुठे ऐकून घेतलं असतं?

त्यांनी सुमेधाला कोपऱ्यातल्या खांबामागे बसवलं, डोक्यावरून शाल ओढली आणि रांगेत बेबीला पुढे केलं. नाव पुकारल्यावर तिचं मनगट धरून हात खिडकीत घातला.

"काहून? माझा काहून?" बेबी कुजबुजली.

"चूप. तुझ्या ताईला सुई सोसत नाही."

मिश्राने हात बघितला. पोरीचा हात, पोरीचं नाव. त्याने सुई टोचली. शरयूची नजर तेव्हा पोराच्या नाकाकडे होती, आणि शालीतली कुठली मुलगी सुमेधा आणि कुठली बेबी हे ओळखू येईना, त्या दिवसांत सगळ्याच शालीत होत्या.

तासाने खिडकीतून आवाज आला, "सुमेधा! आठ!"

आठ म्हणजे निरोगी घोड्याचा आकडा. डॉक्टर तिवारींनी चिठ्ठी दोनदा वाचली, सुमेधाकडे बघितलं, परत चिठ्ठीकडे बघितलं. बाहेर खाटेसाठी माणसं उभी होती. "आठ है तो घर पर ठीक हो जाएगी," ते म्हणाले. "साँस फूले तो तुरंत लाइए, माताजी, एक मिनट भी मत रुकिए।" अनसूयाबाईंनी मान डोलावली. त्यांना खरोखर देव पावल्यासारखं वाटत होतं. एका दगडात दोन पक्षी. पोरीचं औषधही झालं आणि विहीणबाईंचं समाधानही.

सत्यवतीबाई तिसऱ्या दिवशी स्वतः आल्या, संत्री घेऊन. शरयूने आकडा सांगितला होताच, तरी त्यांनी चिठ्ठी मागून घेतली, चष्मा लावून वाचली आणि घडी करून परत दिली. "आठ! अहो, माझी बारा आहे," त्या म्हणाल्या. आतल्या खोलीत सुमेधा खोकत होती. अनसूयाबाईंनी रेडिओ मोठा केला. बातम्यांत आपली फौज पुढे सरकत होती आणि दोघी विहिणी कान देऊन ऐकत बसल्या.

त्या गेल्यावर सुमेधा म्हणाली, "आई, मला दवाखान्यात घेऊन चल. श्वास पुरत नाही."

अनसूयाबाईंनी ऐकलं. दगडाच्या नव्हत्या त्या. रात्रंदिवस पोरीच्या उशाशी बसून ओव्याच्या पुरचुंडीने त्यांनी तिची छाती शेकली होती, स्वतः घास घेतला नव्हता. पण दवाखाना म्हणजे पुन्हा चिठ्ठी, पुन्हा खिडकी, पुन्हा आकडा. या खेपेला खाटेवरच रक्त घेतील, तिथे कुणाचा हात घालणार? आणि आठाचे साठ झाले की पहिली लबाडीही उघडी पडणार. "उद्याच्याला बघू," त्या म्हणाल्या. "ताप उतरून राहिला आहे, बेटा. डॉक्टरच म्हणाले ना, घरीच बरी होते."

"आई, डॉक्टरला खरं सांगून टाक ना," बेबी म्हणाली. "ते आठ माझे आहेत. ताईचे किती आहेत ते कोणाला माहीत?"

अनसूयाबाईंनी तिच्या थोबाडीत मारली. इतक्या जोरात, की पलंगावरून सुमेधाच म्हणाली, "तिला काहून मारते गं, आई?" मुरलीधर पाळी संपवून आला तेव्हा त्याला घरात फक्त आकडा सांगितला गेला. आठ म्हटल्यावर तो बिचारा निर्धास्त झोपला.

सुमेधाचे ओठ निळे पडले त्या दिवशी लढाई जिंकल्याची बातमी आली. कारखान्याचा भोंगा वेळेबाहेर वाजत होता आणि माणसं फाटकातून बाहेर येऊन एकमेकांना मिठ्या मारत होती. त्या गर्दीतून रिक्षा काढायला रिक्षावाल्याला भोंपू वाजवून वाजवून रडू यायची पाळी आली. कुणी तरी रिक्षात वाकून अनसूयाबाईंच्या हातात पेढा ठेवला. डॉक्टर तिवारींनी पोरीला उचलून स्वतः खाटेवर टाकलं, सुई दिली, प्राणवायू लावला. खाटेवरच घेतलेलं रक्त नळीत चढलं, आणि मिश्राने खिडकीतून न ओरडता आकडा आणून त्यांच्या हातात दिला. पंच्याण्णव होता. तोवर सुमेधा गेली होती.

"आठ से पंचानवे!" डॉक्टर भिंतीला टेकून म्हणाले. "मैंने आठ देखकर घर भेजा था।" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तिथे अनसूयाबाई उभ्या होत्या. एक वाक्य बोलल्या असत्या तर त्या माणसाच्या डोक्यावरचा डोंगर उतरला असता. त्या बोलल्या नाहीत. पदराच्या टोकात पेढा घट्ट धरलेला होता, तो कुस्करला गेला.

त्या न बोललेल्या वाक्याचं मोल शेजारच्यांनी दिलं. डॉक्टरांचा नळीवरचा विश्वास उडाला, आणि ते पुन्हा चेहरा बघून खाटा देऊ लागले. शकुताईंचे यजमान विठोबा धडधाकट गडी, अंगात ताप घेऊन चालत दवाखान्यात आले. नळी सत्तरच्या वर गेली होती. डॉक्टरांनी त्यांचा लालबुंद चेहरा आणि रुंद छाती बघितली, आकड्याकडे हात झटकला आणि गोळ्या देऊन घरी पाठवलं. आठवडाभरात पुष्पा बिनबापाची झाली. शकुताई ऊर बडवत होत्या तेव्हा अनसूयाबाई त्यांच्या दारापर्यंत गेल्या आणि उंबऱ्यावरूनच परत फिरल्या. वसाहतीला वाटलं, स्वतःचंच दुःख ताजं आहे.

सुमेधाचे दिवस झाले आणि सत्यवतीबाईंचा निरोप आला. माघातला मुहूर्त आहे, मंडप ठरला आहे, घरात दुःख झालं की वर्षाच्या आत एक मंगल कार्य व्हावं असं शास्त्रही सांगतं. धाकटी आहेच की. मुरलीधरने निरोप ऐकला आणि ताटावरून उठून गेला. अनसूयाबाई दिवसभर भिंतीला टेकून बसल्या. संध्याकाळी उठून त्यांनी बेबीसाठी सुमेधाची हिरवी साडी काढली. एवढी किंमत मोजून घर हातचं जाऊ द्यायचं म्हणजे थोरली फुकट गेली, असा काहीतरी हिशेब त्यांच्या डोक्यात बसला होता, आणि तो चुकीचा आहे असं त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती.

भय्यासाहेब, सत्यवतीबाई आणि श्रीरंग आले. श्रीरंग खाली मान घालून बसला. चहा झाला. सत्यवतीबाई मोठ्या हळव्या आवाजात म्हणाल्या, "पोरीचं नशीब. आठ असूनबी गेली. माझा तर नळीवरून भरोसाच उठला. तरी पण, बेबीची एकदा काढून घ्या. काढलेली असलेली बरी. मनाला शांती."

बेबी खाली बसली होती. ती उभी राहिली. हिरवी साडी तिला आखूड होत होती.

"माझी तुम्ही बघितली आहे, काकू," ती म्हणाली. "ती आठ माझी होती. आईनं माझा हात खिडकीत घातला होता. ताईचं रक्त पहिल्या दिवशी कोणी घेतलंच नाही. घेतलं असतं तर तिला खाट भेटली असती."

मुरलीधरने बायकोकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं त्याने तिच्याकडे कधी बघितलं नव्हतं. अनसूयाबाईंना वाटलं, आता हे सगळे उठतील. ओरडतील, थुंकतील, निघून जातील. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटत होतं, की कुणीतरी आपल्याला चारचौघांत बोलावं, वाटेल ते बोलावं.

सत्यवतीबाई भुवया आकसून थोडा वेळ विचार करत राहिल्या. मग त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"अच्छा," त्या म्हणाल्या. "म्हणजे आठ हिची. मग तर चिठ्ठी आपल्याकडे आहेच. परत काहून टोचायचं पोरीला?" आणि त्यांनी अनसूयाबाईंकडे हात पुढे केला. "चलो, कुंकू आणा."

मुरलीधर चप्पल न घालताच दाराबाहेर पडला. त्या हाताकडे अनसूयाबाई बघत राहिल्या. मग पदर नीट केला, आत गेल्या आणि हळद-कुंकवाची वाटी घेऊन आल्या.